घरातील नेटवर्क डिस्क : साठवण आणि जतन

१. प्रास्ताविक

एका पिढीपूर्वी बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी असे. जमिनीचे दस्त, शाळेचे दाखले, लग्नातील छायाचित्रे आणि दूर गेलेल्या आप्तांची पत्रे तीत ठेवलेली असत. पेटीला कुलूप असे, किल्ली वडीलधाऱ्या माणसाकडे असे, आणि पावसाळा सरला म्हणजे कागदांना ऊन दाखविण्याचा परिपाठ असे. आज हा कौटुंबिक संग्रह बहुतांशी अंकांच्या रूपात असतो आणि तो विखुरलेला असतो. छायाचित्रे एकाच्या फोनमध्ये, दाखल्यांच्या प्रतिमा दुसऱ्याच्या संगणकात, तर आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण तिसऱ्याच कोणाजवळ असते. एक फोन पाण्यात पडला, की संग्रहातील तेवढा भाग कायमचा नाहीसा होतो.

हा संग्रह एके ठिकाणी आणण्याचे एक साधन म्हणजे नेटवर्क डिस्क. घरातील सर्व संगणकांना व फोनांना एकाच वेळी वापरता येणारी, स्वतंत्रपणे चालणारी ही साठवणपेटी होय. ती कशी चालते, तिच्यावर कितपत विसंबावे, आणि तिचा भरवसा जेथे संपतो तेथून पुढे काय करावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या पुस्तिकेत केला आहे. एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. साठविणे आणि जतन करणे ह्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया यंत्र करते; दुसरी माणसांना करावी लागते.

२. चुंबकीय तबकडीवरील लेखन

चुंबकाच्या साहाय्याने ध्वनी नोंदविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग वाल्डेमार पोल्सेन ह्या डॅनिश अभियंत्याने १८९८ साली केला. त्याने त्यासाठी पोलादी तार वापरली होती. संगणकासाठी चुंबकीय तबकड्यांचा उपयोग करणारे पहिले व्यापारी यंत्र आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या त्या साठवणयंत्राचे वजन सुमारे एक टन होते आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत. प्रत्येक अक्षरासाठी ६ बिट वापरले जात, म्हणजे आजच्या मापाने ही जागा पावणेचार मेगाबाइट भरते. फोनने काढलेले ४ मेगाबाइटांचे एक छायाचित्रसुद्धा त्या यंत्रात मावले नसते.

आजच्या हार्ड डिस्कचे तत्त्व तेच आहे. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय मिश्रधातूचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. त्या थरातील सूक्ष्म प्रदेश एका किंवा उलट दिशेने चुंबकित केले, की त्यांच्या क्रमातून ० आणि १ हे अंक नोंदविता येतात. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिच्यावरून लेखनवाचन करणारे शीर्ष हवेच्या अतिशय पातळ स्तरावर तरंगत असते. दुसऱ्या वेगाने फिरणाऱ्या साडेनऊ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची कड ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने जाते, आणि शीर्ष व तबकडी ह्यांमधील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. मानवी केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरांहून अधिक असते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या अंतराची कल्पना येईल. चालू डिस्कला धक्का बसू देऊ नये, ह्या सूचनेचे कारण हेच होय.

प्रदेश जितके लहान तितके त्यांचे चुंबकत्व क्षीण, आणि ते ओळखणे तितकेच कठीण. आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबेर्ग ह्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली स्वतंत्रपणे लावलेल्या एका शोधामुळे ही अडचण दूर झाली. अतिशय पातळ धातुथरांचा विद्युत्-रोध लहानशा चुंबकीय बदलानेही पुष्कळ बदलतो, असे त्यांना आढळले. ह्या शोधावर आधारलेल्या शीर्षांमुळे डिस्कची धारणशक्ती झपाट्याने वाढली. दोघांना २००७ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. डिस्कला नेटवर्कची जोड

संगणकाला तारेने जोडलेली साधी बाहेरची डिस्क त्या एकाच संगणकाच्या ताब्यात असते. नेटवर्क डिस्कचे तसे नाही. तिच्या पेटीत डिस्कबरोबर एक लहानसा संगणकही असतो. पेटी घरातील राउटरला जोडली, की हा संगणक इतर यंत्रांच्या मागण्या ऐकतो, मागितलेली फाईल शोधून देतो आणि आलेली फाईल जागेवर ठेवतो. ग्रंथालयात वाचक स्वतः कपाटात हात घालीत नाही. तो चिठ्ठी देतो आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतो. तशीच ही व्यवस्था आहे. म्हणूनच निरनिराळ्या प्रकारचे संगणक व फोन एकच साठा वापरू शकतात. कोणी काय वाचावे व कोणी काय बदलावे, हेही ठरवून देता येते.

ह्या व्यवस्थेची एक मर्यादा सांगितली पाहिजे. पेटीतील संगणक फाईलींची मांडणी आपल्या पद्धतीने करतो. उद्या पेटी बिघडली आणि आतील डिस्क काढून नेहमीच्या संगणकाला जोडली, तर तो ती मांडणी ओळखीलच असे नाही.

वेगाचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. घरातील तारेचे नेटवर्क सामान्यतः सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हा वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट होतो. प्रत्यक्षात काही भाग पत्ते व पोचपावत्या ह्यांत खर्च होतो. सेकंदाला १०० मेगाबाइट धरल्यास १०० गिगाबाइटांचा संग्रह सुमारे १७ मिनिटांत उतरतो. बिनतारी जोडणीवर वेग २० मेगाबाइट पडला, तर त्याच कामास सुमारे ८३ मिनिटे लागतात. म्हणून पहिली मोठी भरणी तारेने करावी आणि रोजची किरकोळ भर बिनतारी करावी, हे सोयीचे.

४. जागा किती लागेल?

चार माणसांचे एक कुटुंब घेऊ. सर्वांची मिळून रोज ३० छायाचित्रे निघतात आणि प्रत्येक ४ मेगाबाइटांचे असते, असे धरू. वर्षाकाठी ही बेरीज सुमारे ४४ गिगाबाइट होते. शिवाय रोज पाच मिनिटांचे चलच्चित्रण होते आणि मिनिटाला १०० मेगाबाइट लागतात, असे मानले तर वर्षाला आणखी १८२ गिगाबाइट लागतात. एकूण सुमारे २२६ गिगाबाइट. त्यात चलच्चित्रांचा वाटा चार-पंचमांश आहे, हे ध्यानात ठेवावे. कागदपत्रांच्या प्रतिमांना त्या मानाने जवळजवळ काहीच जागा लागत नाही.

ह्या हिशेबाने ४ टेराबाइटांची डिस्क भरण्यास सतरा वर्षांहून अधिक काळ लागेल. (ही डिस्क जोडल्यावर काही संगणक ३.६४ असा आकडा दाखवितात. उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने, म्हणजे एकावर बारा शून्ये असा मोजतो. हे संगणक दोनच्या चाळिसाव्या घाताने मोजतात. जागा कोठे गेलेली नसते.) परंतु सतरा वर्षे टिकेल अशा भरवशावर कोणी डिस्क विकत नाही; तिची हमी बहुधा तीन ते पाच वर्षांची असते. म्हणजे जागा भरण्याच्या पुष्कळ आधी डिस्कच निकामी होण्याचा संभव आहे. घेणारा विचारतो, ‘किती मावेल?’ खरे पाहता त्याने विचारावयाचे आहे, ‘किती दिवस टिकेल, आणि टिकली नाही तर काय?’

५. डिस्क बंद पडण्याचा संभव

फार मोठ्या संख्येने डिस्क वापरणाऱ्या संस्थांच्या अनुभवावरून, वर्षाला शंभरांपैकी एक ते दोन डिस्क निकामी होतात, असे स्थूलमानाने म्हणता येते. दोन टक्के हा दर घेऊ. एक डिस्क दहा वर्षे सुरक्षित राहण्याचा संभव ०.९८ हा अंक दहा वेळा घेऊन येणाऱ्या गुणाकाराइतका, म्हणजे सुमारे ८२ टक्के. याचा अर्थ, दहा वर्षांत ती बंद पडण्याचा संभव १८ टक्के. वय वाढते तसा दरही वाढतो, म्हणून हा अंदाज उदारच समजावा.

बंद पडण्यापूर्वी डिस्क सूचना देत नाही काय? पुष्कळ वेळा देते. वाचनातील चुका, वापरातून काढून टाकलेले भाग इत्यादींची नोंद ती स्वतःजवळ ठेवते. परंतु गूगल कंपनीच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की निकामी झालेल्या डिस्कांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कांनी असे एकही लक्षण दाखविले नव्हते. सूचना मिळाली तर तिचा उपयोग करावा. ती मिळेलच म्हणून स्वस्थ बसू नये.

६. दोन डिस्कांची जोडी

एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावे, म्हणून पेटीत दोन डिस्क बसवून दोघींवर तीच माहिती लिहिण्याची सोय असते. हिला आरसा-पद्धती म्हणू. ४ टेराबाइटांच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा चारच टेराबाइट मिळते. उरलेली किंमत सुरक्षिततेची.

तीन किंवा अधिक डिस्क असल्यास याहून काटकसरीची युक्ती करता येते. समजा, पहिल्या डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० हे अंक आहेत. प्रत्येक स्तंभातील एकांची संख्या सम व्हावी असा अंक तिसरीवर लिहावयाचा. पहिल्या स्तंभात १ व ० आहेत, म्हणून १; दुसऱ्यात ० व १, म्हणून १; तिसऱ्यात १ व १, म्हणून ०; चौथ्यात १ व ०, म्हणून १. तिसऱ्या डिस्कवर ११०१ लिहिले गेले. आता दुसरी डिस्क नष्ट झाली असे माना. १०११ आणि ११०१ ह्यांना तोच नियम लावला, तर ०११० हे हरवलेले अंक जसेच्या तसे परत मिळतात. अनेक स्वस्त डिस्क अशा रीतीने एकत्र बांधून एक भरवशाचा साठा उभारता येतो, हा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ ह्यांनी १९८८ साली पद्धतशीरपणे मांडला. त्या पद्धतीस ‘रेड’ असे नाव पडले.

बिघडलेली डिस्क बदलली, की नवी डिस्क उरलेल्या डिस्कवरून भरली जाते. ४ टेराबाइट सेकंदाला १५० मेगाबाइट ह्या वेगाने भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. तेवढा वेळ आरशातील सर्व माहिती एकाच डिस्कवर असते, आणि त्या डिस्कवर अखंड वाचनाचा ताण पडतो. एकाच खेपेत बनलेल्या आणि एकाच दिवशी घेतलेल्या डिस्कांचे वय व दोष सारखे असण्याचा संभव असतो. म्हणून जोडीतील दोन डिस्क निरनिराळ्या खेपेतील घ्याव्यात.

७. आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे

येथे पुष्कळांची समजूत चुकते. दोन डिस्क आहेत, तेव्हा दोन प्रती आहेत, असे त्यांना वाटते. परंतु आरशाचा धर्मच असा, की समोरच्याने जे केले तेच तो करतो. कोणी चुकून एक फोल्डर पुसला, तर तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसला जातो. एखाद्या घातक आज्ञावलीने फाईली कुलूपबंद केल्या, तर त्या दोन्हीकडे कुलूपबंद होतात. चोर पेटी नेतो तेव्हा दोन्ही डिस्क नेतो. आरसा फक्त एका आपत्तीपासून वाचवितो. ती म्हणजे डिस्कचे यंत्र बिघडणे.

ह्या इतर आपत्ती काल्पनिक नाहीत. २०२१ च्या जून महिन्यात ‘माय बुक लाइव्ह’ नावाच्या घरगुती नेटवर्क डिस्क वापरणाऱ्या अनेकांना आपला सर्व संग्रह एकाएकी पुसला गेल्याचे आढळले. पेट्या इंटरनेटला जोडलेल्या होत्या, आणि त्यांच्या आज्ञावलीतील दोषांचा फायदा घेऊन कोणी दुरून पुसण्याची आज्ञा दिली होती. त्या आज्ञावलीत शेवटची सुधारणा २०१५ साली झाली होती. डिस्क धडधाकट होत्या. माहिती मात्र गेली. ह्यावरून दोन नियम निघतात. घरातील पेटी इंटरनेटवरून थेट पोचता येईल अशी उघडी ठेवू नये. आणि निर्मात्याने जिची देखभाल सोडून दिली आहे, ती पेटी इंटरनेटपासून तोडावी.

पाण्याची गोष्ट तर आपल्या देशात सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत आणि २०१८ च्या ऑगस्टात केरळात महापुराचे पाणी असंख्य घरांत शिरले. घरात तीन प्रती असोत की दहा, एका छपराखाली असलेल्या सर्व प्रतींना धोका एकच असतो.

८. तीन प्रतींचा नियम

ह्यावरचा उपाय छायाचित्रकारांच्या व संगणकतज्ज्ञांच्या व्यवहारात रूढ झालेला आहे. संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. घरगुती व्यवहारात त्याचे रूप असे होईल.

पहिली प्रत नेटवर्क डिस्कवर. हीच रोजच्या वापराची.

दुसरी प्रत बाहेरच्या साध्या डिस्कवर. ही आठवड्यातून एकदा जोडावी, प्रत घ्यावी आणि काढून कपाटात ठेवावी. काढून ठेवणे हाच तिचा गुण आहे. जी डिस्क जोडलेलीच नाही, तिच्यापर्यंत चुकीची आज्ञा किंवा विजेचा झटका पोचू शकत नाही.

तिसरी प्रत दूर. ती दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातलगाकडे ठेवलेली डिस्क असेल, अथवा भाड्याने घेतलेली दूरची साठवणसेवा असेल. सेवा वापरावयाची असल्यास लागणारा वेळ आधी मोजावा. माहिती वर पाठविण्याचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट असेल, तर १ टेराबाइट पाठविण्यास दोन लाख सेकंद, म्हणजे सव्वादोन दिवसांहून अधिक काळ लागेल. दूरची प्रत गुप्तलिपीत ठेवावी. तिचा परवलीचा शब्द कागदावर लिहून घरातील दोघांना तरी ठाऊक असलेल्या जागी ठेवावा, कारण तो शब्द हरवला तर ती प्रत असून नसल्यासारखीच.

सर्वच संग्रहाच्या तीन प्रती परवडत नसतील, तर निवड करावी. पुन्हा मिळू शकणारे चित्रपट किंवा गाणी एका प्रतीत राहिली तरी चालेल. दस्त, दाखले, हयात नसलेल्या माणसांची छायाचित्रे व त्यांचे आवाज ह्यांच्या मात्र तीन प्रती असल्याच पाहिजेत. ह्या भागाचे आकारमान बहुधा थोडेच असते.

९. प्रतीची परीक्षा

१९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बहुतांश भाग पुसला गेला. संस्थेत राखीव प्रती घेण्याची व्यवस्था होती, परंतु ती कित्येक दिवस नीट चालत नव्हती आणि हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तंत्रविभागातील गॅलिन सुसमन ह्या तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तीवरून बहुतेक काम परत मिळाले. मोठ्या संस्थेची न तपासलेली प्रत निरुपयोगी ठरली आणि घराबाहेर पडलेली साधी प्रत उपयोगी पडली. मागील प्रकरणातील नियमाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. ती परत वाचून पाहिली पाहिजे. वर्षातून दोनदा, कागदांना ऊन दाखवावे त्याप्रमाणे, राखीव प्रतीतील दहा-वीस फाईली वेगळ्या संगणकावर उतरवून उघडून पाहाव्यात. एक जुने छायाचित्र, एक दस्त, एक ध्वनिमुद्रण अशी निवड असावी.

डोळ्यांना न दिसणारी चूक पकडण्यासाठी पडताळा-अंकाचा उपयोग होतो. आधार क्रमांकातील बारावा अंक ह्याच जातीचा आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो गणिताने काढलेला असतो, त्यामुळे कोणताही एक अंक चुकला की मेळ बसत नाही. तसाच, परंतु पुष्कळ लांब, पडताळा-अंक प्रत्येक फाईलीसाठी काढता येतो. फाईलीतील एक बिट जरी बदलला तरी तो अगदी निराळा येतो. काही नेटवर्क डिस्क असे अंक स्वतः जपतात आणि सांगितल्यास ठरावीक काळाने सर्व साठा वाचून मेळ पाहतात. ही सोय असल्यास महिन्यातून एकदा चालवावी.

१०. वीज, उष्णता आणि धूळ

दोन डिस्कांची पेटी साधारणपणे २० वॅट वीज घेते असे धरल्यास दिवसरात्र चालून महिन्याला १४.४ युनिट होतात. हा खर्च फार नाही, पण वीज अवचित जाणे घातक. लेखन अर्ध्यावर असता वीज गेली, तर फाईलींच्या सूचीत गोंधळ होतो. म्हणून विजेचा साठा करणारे यू.पी.एस. उपकरण जोडावे, आणि शक्य असल्यास वीज गेल्याची खबर पेटीला मिळून ती आपण होऊन नीट बंद होईल अशी योजना करावी. पेटी जमिनीवर ठेवू नये, कारण तेथे धूळ व पाणी दोन्ही आधी पोचतात. बंद कपाटातही ठेवू नये, कारण तेथे उष्णता कोंडते. हवेशीर, स्थिर आणि उंच फळी सर्वांत चांगली.

११. समारोप

कागद दुर्लक्ष होऊनही शंभर वर्षे टिकू शकतो. अंकरूप माहितीचे तसे नाही. दर पाच-सात वर्षांनी ती जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर न्यावी लागते; कोणी तरी ते काम आपले मानावे लागते. म्हणून प्रत्येक घराने, शाळेने व लहान ग्रंथालयाने ह्या कामासाठी एक व्यक्ती नेमावी आणि दुसरीला ते शिकवून ठेवावे. प्रत केव्हा घेतली, केव्हा तपासली, डिस्क केव्हा विकत घेतली, ह्याची नोंद एका साध्या वहीत करावी. ती वही पेटीच्या शेजारीच असावी. वर्ष उलटून तीत नवी नोंद झाली नसेल, तर संग्रह धोक्यात आहे असे समजावे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील सर्वांची मिळून एका आठवड्यात किती छायाचित्रे निघतात ते मोजा आणि वर्षाला किती जागा लागेल ते काढा.

२. तीन डिस्कांच्या पद्धतीत पहिलीवर ११०० आणि दुसरीवर १०१० असल्यास तिसरीवर काय लिहिले जाईल? पहिली डिस्क नष्ट झाली असे मानून तीवरील अंक परत मिळवा.

३. एका ग्रंथालयात पाच डिस्क आहेत. प्रत्येक डिस्क वर्षात बंद पडण्याचा संभव २ टक्के असल्यास, वर्षभरात निदान एक डिस्क बंद पडण्याचा संभव किती? (उत्तर : जवळजवळ १० टक्के.)

४. पुढील आपत्तींपैकी कोणतीपासून आरसा-पद्धती वाचविते आणि कोणतीपासून नाही, ते कारणासह सांगा : डिस्क निकामी होणे, चुकून पुसणे, चोरी, पूर.

५. तुमच्या घरातील अशा दहा फाईलींची यादी करा, की ज्या गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत. त्यांच्या आज किती प्रती आहेत व त्या कोठे आहेत, ते प्रत्येकीपुढे लिहा.